वाढता उन्हाळा आणि शेतात राबणाऱ्या माणसाची काळजी

उसाला, केळीला किंवा संत्र्याला उन्हाळ्यात किती पाणी द्यावे आणि दोन पाळ्यांत किती दिवसांचे अंतर ठेवावे, हे आपले शेतकरी बांधव चांगले जाणतात. ठिबक संचातून प्रत्येक झाडाला रोज किती लिटर पाणी पडते, याचाही हिशेब अनेकांकडे असतो. परंतु त्याच शेतात खुरपणी करणाऱ्या, हळद काढणाऱ्या किंवा धसकटे वेचणाऱ्या माणसाला तासाला किती पाणी लागते, याचा हिशेब आपल्या वहीत क्वचितच सापडतो. तहान लागली की माणूस पाणी पिईल, असे आपण गृहीत धरतो. उन्हाळा वाढत चालला असताना हे गृहीत धरणे आता जिवावर बेतू शकते.

हवामान बदलाचा आरोग्यावर अनेक मार्गांनी परिणाम होतो. डासांमुळे पसरणारे रोग, पुरानंतरचे दूषित पाणी, दुष्काळातील कुपोषण हे त्यातील काही होत. परंतु शेतकरी व शेतमजूर यांना सर्वांत आधी आणि थेट भिडणारा परिणाम म्हणजे उष्णता. प्रस्तुत लेखात तेवढ्याच विषयाचा विचार केला आहे.

उन्हाळा किती बदलला?

भारतातील सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढल्याचे केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० मधील अहवालात नमूद आहे. हा आकडा वरवर पाहता लहान वाटतो. परंतु सरासरी थोडी वर सरकली तरी अतितीव्र उन्हाच्या दिवसांची संख्या बरीच वाढते. शिवाय उन्हाळा लवकर सुरू होतो. देशाच्या सरासरी कमाल तापमानाचा विचार करता मार्च २०२२ हा १९०१ पासूनचा सर्वाधिक उष्ण मार्च ठरला आणि त्या वर्षी उत्तर भारतात गव्हाचे दाणे भरताना उष्णता सोसावी लागून उत्पादन घटले. पुढच्याच वर्षीचा फेब्रुवारी महिनाही तसाच विक्रमी उष्ण ठरला. गव्हाला जे सोसावे लागले तेच गहू कापणाऱ्यालाही सोसावे लागते. कारण शरीराला उन्हाची सवय होण्यापूर्वीच ऊन येऊन ठेपते.

हवामान खात्याच्या व्याख्येनुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते नेहमीपेक्षा ४.५ अंशांनी अधिक असेल, अथवा ते प्रत्यक्ष ४५ अंशांवर गेले, तर उष्णतेची लाट समजली जाते. किनारपट्टीसाठी ४० ऐवजी ३७ अंशांचा निकष आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, म्हणजे सावलीत ठेवलेला असतो. शेतात वाकून निंदणी करणाऱ्या बाईचे तोंड तापलेल्या मातीपासून हात-दोन हातांवर असते आणि पाठीवर थेट ऊन असते. मे महिन्याच्या दुपारी उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही पुढे जातो. म्हणून रेडिओवर ४२ अंश सांगितले, तरी शेतातील माणसाच्या शरीरावरचा भार त्याहून बराच जास्त असतो.

शरीर उष्णता कशी बाहेर टाकते?

हे पिकाच्या उदाहरणावरून लवकर समजेल. झाड पानांतील सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर टाकते व त्यामुळे पान थंड राहते. मुळांना पाणी कमी पडले की छिद्रे मिटतात, पान तापते आणि दुपारी पीक माना टाकते. माणसाच्या शरीरात हेच काम घाम करतो. एक लिटर घामाची त्वचेवरून वाफ होताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते.

आपण कष्टाचे काम करतो तेव्हा स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. म्हणजे उन्हात कुदळ मारणाऱ्या माणसाला बाहेरून सूर्य तापवतो आणि आतून त्याचे स्वतःचे श्रम तापवतात. अशा वेळी तासाला एक लिटर किंवा त्याहूनही अधिक घाम जाऊ शकतो. तो भरून काढला नाही तर रक्तातील पाणी कमी होते, हृदयाला अधिक वेगाने काम करावे लागते, घाम कमी पडू लागतो आणि शरीराचे आतील तापमान ३७ अंशांवरून वर चढू लागते. ते ४० अंशांच्या पुढे गेले की मेंदू, यकृत व मूत्रपिंडे यांना इजा होऊ लागते.

दमट हवा अधिक घातक

घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर घाम अंगावरून निथळतो, पण अंग थंड होत नाही. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून मोजलेले तापमान ३५ अंशांवर गेले, तर निरोगी माणूससुद्धा सावलीत स्वस्थ बसून फार तास तग धरू शकत नाही, असे शास्त्रज्ञांचे गणित आहे. पुढे तरुण, निरोगी माणसांवर झालेल्या प्रयोगांत प्रत्यक्ष मर्यादा याहूनही खाली असल्याचे दिसले.

याचे दुःखद उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. दिनांक १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या समारंभास लाखो लोक जमले होते. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. तरीही ऊन व खाडीकाठची दमट हवा यांमुळे १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. ती माणसे नांगर धरत नव्हती, बसलेली होती. म्हणून 'आमच्याकडे विदर्भासारखे ऊन नाही' असे म्हणून कोकणातील किंवा पश्चिम महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी निर्धास्त राहू नये. नुकतेच पाणी दिलेला उंच ऊस, डोक्याएवढी वाढलेली कपाशी आणि बंद हरितगृह येथे वारा नसतो व दमटपणा अधिक असतो. तेथील काम आकड्यांवरून वाटते त्यापेक्षा धोक्याचे असते.

रात्रीची विश्रांती

रात्री तापमान जास्त राहिले तर पिकाचा श्वसनवेग वाढतो, दिवसभरात साठवलेले अन्न खर्च होते आणि दाणा बारीक राहतो. माणसाचेही असेच आहे. दिवसभर तापलेले शरीर रात्री थंड व्हावे लागते. पत्र्याच्या घरात किंवा खोपटात रात्रभर उकाडा राहिला, झोप लागली नाही, तर दुसऱ्या दिवशी माणूस आदल्या दिवसाचा भार घेऊनच शेतात उतरतो. म्हणून उष्णतेच्या लाटेत दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून धोका वाढत जातो. पत्र्याला बाहेरून चुन्याचा पांढरा हात देणे, त्यावर कडबा किंवा तुराट्यांचा थर अंथरणे हे स्वस्त उपाय आहेत. मात्र थर चुलीपासून दूर ठेवावा.

ऊन लागण्याच्या पायऱ्या

१) पहिली पायरी : पोटऱ्यांत, मांड्यांत किंवा पोटात गोळे येणे. घामावाटे पाणी व मीठ गेल्याची ही खूण आहे.

२) दुसरी पायरी : डोके दुखणे, मळमळ, चक्कर, अतिशय थकवा, भरपूर घाम, जलद नाडी. येथे काम ताबडतोब थांबवावे. सावली, पाणी व विश्रांती मिळाली तर माणूस बहुधा सावरतो.

३) तिसरी पायरी, म्हणजेच उष्माघात : असंबद्ध बोलणे, चिडचिड, झोकांड्या जाणे, झटके येणे, शुद्ध हरपणे, अंग फणफणणे. ही प्राणघातक अवस्था आहे.

घाम थांबून कातडी कोरडी पडली तरच उष्माघात समजावा, असे पुष्कळजण मानतात. घरात बसून ऊन लागलेल्या वृद्धांमध्ये असे आढळते. कष्ट करताना कोसळलेल्या माणसाचे अंग मात्र घामाने चिंब असू शकते. म्हणून घामाकडे पाहून निर्णय घेऊ नये. बोलणे व वागणे बिघडले की उष्माघात समजून उपचार सुरू करावेत.

मूत्रपिंडाचा धोका

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर व निकाराग्वा या देशांत ऊसतोड करणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे गेल्या काही दशकांत आढळून आले. त्यांच्यापैकी बहुतेकांना मधुमेह किंवा रक्तदाब नव्हता. या आजाराची सर्व कारणे अजून निश्चित झालेली नाहीत, परंतु तीव्र उन्हातील कष्ट आणि वारंवार होणारी पाण्याची कमतरता यांचा त्यात मोठा वाटा असल्याचे दिसते. निकाराग्वातील एका साखर कारखान्याच्या मळ्यांवर मजुरांना ठरावीक वेळाने विश्रांती, फिरती सावली व पाणी देण्याची पद्धत सक्तीने सुरू केल्यावर तोडकऱ्यांच्या मूत्रपिंडांना होणारी इजा पुढील हंगामात बरीच घटली. आपल्याकडील ऊसतोड हंगाम एप्रिलपर्यंत लांबतो, तेव्हा हा धडा आपल्याही उपयोगाचा आहे.

दोन बाबी विशेष सांगावयाच्या आहेत. पहिली म्हणजे, उन्हात दिवसभर राबल्यावर अंगदुखीसाठी दुकानातून गोळी आणून घेण्याची सवय वाईट आहे. शरीरात पाणी कमी असताना अशा बहुतेक वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांना अपाय करतात. दुसरी म्हणजे लघवीचा रंग. फिकट पिवळी लघवी असेल तर पाणी पुरेसे आहे. रंग गडद होत गेला, किंवा सकाळपासून दुपारपर्यंत लघवीला जावेच लागले नाही, तर पाणी कमी पडत आहे असे समजावे.

स्त्रियांच्या बाबतीत याची दुसरी बाजू आहे. शेतात आडोसा नसल्याने अनेकजणी मुद्दामच पाणी पीत नाहीत. त्यामुळे पाण्याची कळशी भरून ठेवली तरी काम भागत नाही. चार बांबू व जुन्या साड्या किंवा शेडनेटचा तुकडा लावून आडोसा केल्यास तो पाण्याइतकाच उपयोगी पडतो. गरोदर स्त्रीने अति उष्णता सोसल्यास दिवस भरण्यापूर्वी प्रसूती होण्याचा व मूल कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो. तिला उन्हातील काम देऊच नये.

फवारणी आणि उष्णता

सन २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले व शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. परंतु तापलेल्या हवेत विषबाधा सोपी होते, हे ओळखणे गरजेचे आहे. उष्णतेने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात व त्वचा घामाने ओली राहते, त्यामुळे औषध शरीरात अधिक वेगाने शिरते. उकाड्यामुळे माणूस तोंडावरील फडके व अंगातील सदरा काढून टाकतो, ही दुसरी अडचण.

यावर उपाय म्हणजे फवारणीची वेळ बदलणे. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर वारा शांत असताना फवारणी केल्यास संरक्षक कपडे अंगावर ठेवणे शक्य होते. दुपारी फवारणी करू नये. लाळ गळणे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होणे, छातीत घरघर होणे ही काही कीटकनाशकांच्या विषबाधेची लक्षणे होत. फवारणी करणारा माणूस कोसळला, तर नुसते ऊन लागले असे समजून घरी झोपवून ठेवू नये. दूषित कपडे काढून अंग साबणपाण्याने धुवावे व औषधाच्या डब्यासह त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

कामाचे नियोजन कसे करावे?

१) कामाच्या वेळा : एप्रिल-मे महिन्यांत सकाळी ६ ते १०.३० व दुपारी ४ ते ६.३० अशा दोन पाळ्यांत काम करावे. एकूण ७ तास काम होते व भर दुपार टळते. पहाटे व संध्याकाळी विजेरी व पायात बूट असावेत, कारण त्या वेळी साप-विंचवांची भीती असते.

२) पाणी : दर २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे सुमारे पाव लिटर पाणी प्यावे. तहान लागण्याची वाट पाहू नये. या हिशेबाने एका माणसाला तासाला पाऊण लिटर आणि पाच माणसांना सहा तासांसाठी साडेबावीस लिटर पाणी लागते. म्हणजे २० लिटरचा एक जारही पुरत नाही. पाणी बांधावर न ठेवता काम चालू असेल तेथे न्यावे. मात्र तासाला दीड लिटरपेक्षा जास्त पाणी पिऊ नये, कारण रक्तातील मीठ पातळ होते.

३) मीठ : जेवण वेळेवर झाले तर बहुतेक मीठ अन्नातून मिळते. दीर्घ कामात ताक, मीठ घातलेले लिंबू सरबत किंवा पन्हे द्यावे. जलसंजीवनी घरी करावयाची असल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट लहान चमचा मीठ विरघळवावे.

४) सावली : शेतात झाड नसेल तर बैलगाडी किंवा ट्रॉलीला ताडपत्री बांधावी. दर तासाला दहा मिनिटे व तापमान ४० अंशांच्या पुढे असल्यास त्याहून अधिक विश्रांती द्यावी.

५) सवय : शरीराला उन्हाची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. उन्हातील कामाच्या पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक दुर्घटना घडतात. मे महिन्यात शहरातून गावी आलेला मुलगा, आजारातून उठलेला मजूर किंवा नव्याने कामावर आलेली व्यक्ती यांना पहिल्या दिवशी उन्हातील काम नेहमीच्या पाचव्या हिश्श्याइतकेच द्यावे व रोज थोडेथोडे वाढवावे.

६) जोडी : कोणीही एकट्याने काम करू नये. उष्माघात झालेल्याला स्वतःला ते कळत नाही. सोबत्याने बोलण्याकडे व चालण्याकडे लक्ष ठेवावे.

७) आगीजवळची कामे : हळद उकडणे, गुऱ्हाळ यांसारखी कामे रात्री किंवा पहाटे करावीत व माणसे आळीपाळीने बदलावीत.

८) औषधे चालू असणारे : रक्तदाब, हृदयविकार किंवा मानसिक आजारावरील काही औषधांनी उष्णता सोसण्याची शक्ती घटते. औषध आपल्या मनाने बंद न करता उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दारू कटाक्षाने टाळावी.

उष्माघात झाल्यास काय करावे?

अ) रुग्णाला सावलीत न्यावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ब) जादा कपडे काढून अंगावर भरपूर पाणी ओतावे व टॉवेलाने किंवा सुपाने जोराने वारा घालावा. विद्युत पंपाचे पाणी वापरताना पाइपात तापलेले पाणी आधी वाहून जाऊ द्यावे. बर्फ मिळाल्यास फडक्यात गुंडाळून मान, काखा व जांघा येथे ठेवावा.

क) गाडीची वाट पाहताना व गाडीत नेतानाही अंग गार करणे चालू ठेवावे. पहिला अर्धा तास अत्यंत मोलाचा असतो.

ड) शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. कुशीवर वळवून ठेवावे.

इ) तापाची गोळी देऊ नये. हा ताप जंतूंमुळे आलेला नसल्याने गोळीचा उपयोग होत नाही, उलट अपाय होऊ शकतो.

खिशात किंवा टोपीत कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असा समज खेडोपाडी आहे. जेवणात कांदा अवश्य खावा, परंतु खिशातील कांदा पाण्याची जागा घेऊ शकत नाही. डोक्याला ओले उपरणे किंवा रुमाल व अंगात सैल, फिकट रंगाचे सुती कपडे हे मात्र खरोखर उपयोगी आहेत.

मजुरीचा प्रश्न

वरील सर्व सूचना जो माणूस स्वतःच्या कामाच्या वेळा स्वतः ठरवू शकतो, त्याला सहज पाळता येतील. ज्याची मजुरी टनावर, किलोवर किंवा सरीवर ठरलेली आहे, तो दहा मिनिटे सावलीत बसला की त्याचे पैसे जातात. त्यामुळे चक्कर येत असतानाही तो विळा खाली ठेवत नाही. म्हणून विश्रांतीचा निर्णय मजुरावर सोपवू नये, तो शेतमालकाने घ्यावा. उक्ते काम देताना विश्रांतीचा वेळ धरूनच दर ठरवावा व दोन पाळ्यांत काम केल्याबद्दल रोज कापू नये. हा खर्च वाया जात नाही. उष्णतेमुळे २०३० साली भारतातील कामाच्या तासांपैकी ५.८ टक्के तास वाया जातील, असा अंदाज आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये वर्तविला होता. त्याचा मोठा भार शेतीवर पडणार आहे. थकलेला माणूस काम कमी करतो व विळा बोटावर मारून घेतो, हा तर आपला रोजचाच अनुभव आहे.

साध्या उपायांनी फरक पडतो. मे २०१० मध्ये अहमदाबाद शहरात पारा ४६.८ अंशांवर गेला व त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यातून धडा घेऊन तेथील महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला. आगाऊ इशारा, पिण्याचे पाणी, सावली व दवाखान्यांची तयारी हाच त्याचा गाभा आहे. शहराला जे जमले ते शिवाराला जमण्यास हरकत नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, फेब्रुवारी अखेर उन्हाळी पिकाच्या पाण्याचे वेळापत्रक मांडाल तेव्हा त्याच वहीत आणखी चार ओळी लिहाव्यात : कामावर माणसे किती, पाणी किती लिटर, सावली कोठे, दवाखाना किती अंतरावर. पिकाची एखादी पाळी चुकली तर पुढची पाळी देऊन ते सावरता येते. माणसाच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही.